दोन कुलपांतला समुद्र

तमाम सुज्ञ जनांना मी अत्यंत जबाबदारीने कळवतो की, जालना जिल्ह्यात समुद्र आजवर एकदाच आला. तो एप्रिल महिन्यात आला, एका शाळेच्या लाकडी कपाटात उतरला आणि त्याला दोन कुलपं लावण्यात आली. त्याच्या काठावर पाण्याचा टँकर उभा होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सोबत आणखी दोन साक्षीदार होते, आणि आम्ही तिघंही शिक्षक असल्यामुळे चोरून पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. म्हणजे, उद्भवला होता. पण ते पुढे.

समुद्र ज्यांच्या कपाटात उतरला ते आमचे चित्रकलेचे सर. मंठ्याहून वाटूरकडे निघालं की रस्त्याला लागूनच आमची शाळा. तिथे मी मराठी शिकवायचो आणि ते चित्रकला. वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. उंच, काटकुळे, मान किंचित एका बाजूला कललेली, जणू समोरच्याच्या बोलण्यातली फट ते कानाने शोधतायत. शर्टाच्या खिशाला कायम चार पेनं. त्यातली तीन न चालणारी. ती मागणाऱ्यांसाठी.

सरांचा जगावर संशय होता. एखाद्या माणसावर, एखाद्या प्रसंगी, असा किरकोळ संशय नव्हे. सकाळी उठल्यापासून सगळ्या सृष्टीवर, सारखा, शांत आणि विनातक्रार संशय. एस.टी.त चढण्याआधी ते तिघांना विचारायचे: ड्रायव्हरला, कंडक्टरला आणि खिडकीत बसलेल्या एखाद्या म्हातारीला. "ही जालन्याला जाती का?" तिघंही "हो" म्हणाले की सर खाली उतरायचे. मी एकदा विचारलं, "अहो सर, तिघंही हो म्हणाले की!"

"तेच तर," सर माझ्या कानाशी लागून म्हणाले. "तिघंबी एकच बोल्ले. म्हंजे ठरवून बोल्ले."

कोणी तरी एक जण "काय की बाबा, माहीत न्हाई" म्हणाला, की त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि ते गाडीत बसायचे.

चहाचंही तसंच. स्टाफरूममध्ये चहा आला की सर कप हातात घेऊन बसून राहायचे. मी पहिला घोट घेतला की माझ्याकडे पाहत राहायचे. चांगली पाच मिनिटं. मी खुर्चीत सरळ बसलेलो आहे, डोळे फिरलेले नाहीत, बोलणं बराबर आहे, अशी खात्री झाली की मग गार चहा पिऊन टाकायचे. अठरा वर्षं मी त्यांच्या चहाची परीक्षा दिली आहे. निकाल कधी सांगितला नाही त्यांनी.

हजेरीपटावरच्या त्यांच्या सहीत, एका वेलांटीच्या पोटात, मोहरीएवढं टिंब असायचं. टिंब असलं तर सही त्यांची. नसलं तर कोणीतरी केलेली. हे त्यांनी मला एकट्याला विश्वासाने सांगितलं होतं. नंतर कळलं की गणिताच्या सरांनाही एकट्यालाच सांगितलं होतं, आणि भूगोलाच्या मॅडमनाही एकटीलाच.

आणि पाकिटं दोन. मागच्या खिशात एक फुगलेलं, टम्म, कोणाच्याही डोळ्यात भरेल असं. खरं पाकीट बनियनच्या आत. जालन्याच्या स्टँडवर एकदा कोणीतरी त्यांचं मागचं पाकीट मारलं. मी सोबत होतो. मी ओरडलो, पळालो, दोन बाकड्यांना धडकलो. सर जागचे हललेसुद्धा नाहीत. रसवंतीवाल्याला म्हणाले, "बर्फ नको, बर्फाचं काही सांगता येत न्हाई." मग मला म्हणाले, "बसा हो. त्याच्यात निस्ती चिठ्ठी है."

"कसली चिठ्ठी?"

"'उघडलंस ना? आता बस वाचत,' अशी."

हे पाकीट लक्षात ठेवा. मी ठेवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

तसंच आता कपाटाचं. चित्रकलेच्या खोलीत सागवानी कपाट होतं. त्याच्या कडीला पितळेचं दांडगं कुलूप. ते नुसतं ओढलं की निघायचं, त्याला किल्लीच नव्हती. खरं कुलूप खाली, पायाशी, काळं, बारकं, दिसणारही नाही असं. "वरचं दाखवायला, खालचं लावायला," सर सांगायचे. "पाहणारा वरच्यालाच झटतो. त्याला वाटतं, आपण जिंकलो." आतल्या रंगांच्या बाटल्यांवर पेन्सिलीने रेघा मारलेल्या, कुठला रंग कुठवर आहे ते कळायला. बाकीच्या रंगांच्या रेघा दर महिन्याला खाली उतरायच्या. निळ्याची रेघ मात्र वर्षानुवर्षं एकाच जागी. आमच्याकडे निळं असतं ते आभाळ, आणि उन्हाळ्यात तेही पांढरं.

मुलांना चित्र शिकवायची त्यांची तऱ्हा जगावेगळी. पोरांनी दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, नदीत होडी असं ठरलेलं चित्र काढलं की सर वही उचलून साऱ्या वर्गाला दाखवायचे. "आपल्या गावात डोंगर किती?" "एकबी न्हाई सर!" "आन् ह्याच्या वहीत?" "दोन सर!" मग त्या पोराला अगदी हळू आवाजात विचारायचे, "पाह्यलं का तू? मंग कोणाच्या सांगण्यावरून काढलं?" पोरगं कावरंबावरं व्हायचं. त्यामुळे आमच्या शाळेतली पोरं मोसंबीच्या बागा काढायची, जिनिंगबाहेर उभ्या कापसाच्या गाड्या काढायची, भेगाळलेलं रान काढायची. तालुक्याच्या स्पर्धेत आमचा नंबर कधी आला नाही. परीक्षकांना डोंगर लागायचे.

या सगळ्यात सरांची मुलगी कुठे बसते, ते आता सांगतो. कारण समुद्र तिच्यामुळे आला.

एकुलती एक. नर्सिंग शिकली आणि कोकणात, समुद्राकाठच्या एका गावी, दवाखान्यात लागली. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा मी सरांच्या ओट्यावरच होतो. फोनचा स्पीकर चालू. सर फोन नेहमी स्पीकरवर घ्यायचे, साक्षीदार असावा म्हणून.

"पप्पा, इथं समुद्राचं पाणी सकाळी लांब निघून जातं. निस्ती वाळू राहती. अन् संध्याकाळी पुन्हा येतं, आमच्या भिंतीपर्यंत."

"कोण म्हन्लं?"

"कोण कशाला म्हणल? मी रोज पाहून राह्यले ना!"

"पाणी गेलं की गेलं, बाई. आपल्याकडचं गेल्यालं पाणी परत आल्यालं मी आजवर पाह्यलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या मॅडमनी त्यांना फळ्यावर चंद्र काढून भरती-ओहोटी समजावली. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चंद्र आपल्या गावावरबी येतो ना? मंग आपल्या तळ्याचं पाणी कामून हालत न्हाई?" मॅडमनी खडू खाली ठेवला. तो तास त्यांच्या अजून मनात आहे.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग मुलीने तिकडचाच, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारा एक मुलगा पसंत केला आणि घरी सांगितलं. सर "हो" म्हणाले नाहीत, "नाही"ही म्हणाले नाहीत. त्यांनी मुलाच्या गावी सात जोडकार्डं पाठवली, प्रत्येकाला उत्तरासाठी कोरं कार्ड जोडून. सरपंचाला, पोस्टमास्तरला, न्हाव्याला, पुजाऱ्याला, किराणावाल्याला, मुलाच्या प्राथमिक शिक्षकाला आणि त्याच्या शेजाऱ्याला. प्रश्न एकच: मुलगा कसा आहे? सातही उत्तरं आली. मुलगा चांगला आहे.

सरांनी सातही कार्डं ओट्यावर मांडली आणि मला म्हणाले, "पाह्यलं? सात जण एकच बोल्ले."

पुढचं मी सांगायला नको. त्या कार्डांनी मुलाची गावभर शोभा झाली. त्याची आई पाणवठ्यावर जायची बंद झाली. मुलीने नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि एकच फोन केला, तोही आईला. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, तो माझ्या बायकोला जसाच्या तसा सांगितला: "पप्पांना सांग, त्यांनी आयुष्यात एक गोष्ट तरी माझ्या शब्दावर, कोणालाबी न इचारता, खरी मानावी. त्या दिवशी मी येते. तवर न्हाई."

दोन उन्हाळे गेले. ती आली नाही. सर बोलायचे नाहीत, पण त्यांनी ओट्यावर बसणं सोडलं. वहिनी दर मे महिन्यात कुरडया घालायच्या, दोन डबे भरायच्या, आणि एक डबा पावसाळ्यात बुरशी लागून फेकून द्यायच्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात आम्हाला संशय यायला लागला. आता आम्हाला. म्हणजे मला, गणिताच्या सरांना आणि भूगोलाच्या मॅडमना. इतकी वर्षं सर आमच्यावर संशय घेत होते. आता आमची पाळी आली, आणि खोटं कशाला बोलू, आम्हाला त्याची फार गोडी लागली.

पहिली खूण: सरांनी विचारणं बंद केलं. चहा आला, सरांनी कप उचलला आणि माझ्याआधी प्यायले! मी इतका दचकलो की माझाच कप खाली ठेवला आणि पाच मिनिटं त्यांच्याकडे पाहत राहिलो.

दुसरी खूण: गणिताच्या सरांनी त्यांना वाटूर फाट्यावर पाहिलं. गाडी आली, सर कोणाला काही न विचारता आत जाऊन बसले. निघाले होते जालन्याला. उतरले परतूरला. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "सर, विचारायचं ना कोणाला!"

"न्हाई इचारायचं," सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शिक्षा भोगून आलेल्या माणसाचं समाधान होतं.

तिसरी खूण मॅडमनी शोधली. निळ्या रंगाची रेघ तळाला गेली होती. दोन बाटल्या, आठवड्याभरात.

"सर प्रेमात पडलेत," मॅडम म्हणाल्या.

"छे! कोणीतरी फसवलंय त्यांना," गणिताचे सर म्हणाले. "ते आजकालचे फोन येतात ना, तसलं."

मी मराठीचा शिक्षक. मला दोन्ही शक्यता आवडल्या होत्या.

चौथी खूण मात्र गंभीर निघाली. एका सकाळी वाळूच्या ट्रॅक्टरवाल्याचा मला फोन आला. त्याची दोन्ही पोरं माझ्या वर्गात होती, म्हणून ही आपुलकी.

"ओ गुरुजी, तुमचे चित्रकलेवाले सर नदीत काय करून राह्यलेत?"

"काय करतायत?"

"वाळू चाळून राह्यलेत. चहाच्या गाळणीनं. डब्यात भरून राह्यलेत. वर तहसिलीत नमुना द्यायचाय का त्यांना? तसं असल तर सांगा, आजच्या दिवस आम्ही बंद ठेवतो."

"अहो, चित्राला लागत असेल."

"गुरुजी, वाळूनं बंगले झाल्याले पाह्यले, पुढारी झाल्याले पाह्यले. चित्र झाल्यालं म्या न्हाई पाह्यलं."

आमच्याकडे वाळू ही साधी गोष्ट नाही. कोण कोणाचा माणूस, हे नदीत उतरलेल्याला विचारायचं नसतं. मी घाबरून संध्याकाळी सरांना गाठलं.

"सर, नदीवर गेल्ते म्हणे?"

"कोण म्हन्लं?"

"एक जण म्हणाला."

"एकच?"

"एकच."

"मंग खरं असल," म्हणून सर निघून गेले.

शेवटी माझ्या बायकोने वहिनींकडून खरी बातमी आणली. सर कार्ड करत होते. मुलीला पाठवायचं उन्हाळ्याच्या शुभेच्छांचं कार्ड, हाताने केलेलं, आणि त्यावर समुद्रकिनारा. वहिनी म्हणाल्या होत्या, "जल्मात पाह्यला न्हाई त्यांनी समुद्र. म्या म्हन्लं, मोबाईलमध्ये बघा. तर म्हन्ले, न्हाई. पोरीनं सांगितला तेवढाच काढायचा. महिना झाला, न इचारता जगायचा सराव करून राह्यलेत. परवा आंबे न चाखता आणले, सगळे आंबट निघाले. म्या काही बोल्ले न्हाई. खाल्ले."

हे ऐकून सभ्य माणसं काय करतील? डोळे पुसतील आणि गप्प बसतील. आम्हाला मात्र तो समुद्र पाहायचा होता. डोंगर न पाहता डोंगर काढला म्हणून पोरांना कावरंबावरं करणारा माणूस न पाहिलेला समुद्र काढतो आहे, ही गोष्ट कपाटात बंद असताना आम्ही अपूर्णांक आणि समास शिकवत बसायचं? हे माणुसकीच्या विरुद्ध होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली. सर निघून गेले. शिपाई मामा गच्चीवर टाकी धुवत होते, त्यांचा खराटा वरून खरखर वाजत होता. मॅडम दाराशी पहाऱ्याला. मी वरचं पितळी कुलूप ओढलं. निघालं. खाली वाकलो, आणि पाहतो तर काय, खालचं काळं कुलूप उघडं! नुसतं अडकवलेलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"विसरले वाटतं," गणिताचे सर कुजबुजले.

"सराव चालू आहे ना त्यांचा," मी कुजबुजलो. आम्ही दोघंही पदवीधर होतो.

कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. आम्ही ते टेबलावर उलगडलं. मॅडमनी पहारा सोडला.

समुद्र निळा होता, बाटल्या रिकाम्या झाल्याचं कळत होतं. पुढे नदीची वाळू डिंकाने चिकटवलेली, इतकी बारीक चाळलेली की बोट फिरवावंसं वाटावं. आणि समुद्राच्या पलीकडच्या टोकाला बांध होता. उताराला दगड लावून पिचिंग केलेला मातीचा बांध, आमच्या पाझर तलावाला आहे तसाच. बांधावर पाण्याची पातळी मोजायची पट्टी. बाजूला जादा पाणी सोडायचा सांडवा. आणि अलीकडे, वाळूवर, पाण्याचा टँकर. त्याचा पाइप समुद्रात सोडलेला. टँकरमागे घागरींची रांग.

आम्ही तिघंही हसलो. तोंडावर हात दाबून, वाकून, एकमेकांना धरून हसलो. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. "समुद्राला बांध!" त्या म्हणाल्या, "अहो, सांडवा ठेवलाय समुद्राला!"

आणि मग हसणं आपोआप थांबलं. कारण बरोबरच होतं ते. उन्हाळा म्हणजे काय, तर टँकर. एवढं पाणी आडवल्याशिवाय थांबेल कसं? माणसाने स्वतः पाहिलं तेवढंच काढलं होतं. आतल्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, "पाहणाऱ्यास उन्हाळ्याच्या हार्दिक शुभेच्छा," आणि खाली सही.

"नाव नाही लिहिलं मुलीचं," मॅडम म्हणाल्या.

"संकोच वाटला असेल," मी म्हणालो.

"हे तिकडं गेलं तर काय होईल?" गणिताचे सर म्हणाले. "नवरा हसेल. सासूही हसेल. आधीच सात कार्डांनी त्यांची शोभा झालीय, आता हे आठवं. मुलीला वाटेल, पप्पांनी माझी टिंगल केली. मी सांगितलं पाणी जातं-येतं, आणि यांनी बांध घालून ठेवला."

खोलीत एकदम उकडायला लागलं. सांगायचं तर कपाट उघडल्याचं सांगावं लागणार. नाही सांगायचं तर ती पोर तिसऱ्या उन्हाळ्यातही येणार नाही. मी पांढऱ्या रंगाची बाटली उघडली, ब्रश बुडवला. टँकर झाकून टाकू, तिथे एखादा शंख काढू. ब्रश टँकरपर्यंत नेला. आणि दिसलं, टँकरच्या मागच्या झाकणातून थेंब गळत होते. आमच्याकडचा प्रत्येक टँकर असाच गळतो. वाळूवर त्या थेंबांचा ओला डागसुद्धा सरांनी काढला होता. माझा हात पुढे जाईना. ब्रश धुतला, कार्ड होतं तसं गुंडाळलं आणि कुलपं होती तशी अडकवली.

निघताना मॅडमनी आम्हाला शपथ घातली. कधी सगळ्यांसमोर ते कार्ड निघालंच तर टँकर दिसला तरी कोणी हसायचं नाही. चेहरा गंभीर ठेवायचा. आम्ही तिघांनी खडूच्या खोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

सोमवारी सरांनी आमच्या देखत कपाट उघडलं, आत पाहिलं, पांढऱ्या रंगाच्या बाटलीवरची रेघ पाहिली आणि म्हणाले, "बराबर है." मग पिशवीतून तीन मोसंब्या काढून आम्हाला एकेक दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही अपराधी मनाने त्या सोलून खाल्ल्या. गोड होत्या.

मे महिना अर्धा सरला. एका सकाळी वहिनी आमच्या दारात आल्या, पदर खांद्यावरून सुटलेला, पायात चप्पल नाही. "पोरगी येऊन राह्यली," म्हणाल्या. "जावईबी." एवढंच बोलून परत पळाल्या.

दोन दिवसांनी सरांच्या ओट्यावर सतरंजी पडली. सरांनी आम्हा तिघांना आवर्जून बोलावलं होतं. मॅडम तर खास मंठ्याहून आल्या होत्या. जावई मला बघताक्षणी आवडला. हडकुळा, हसऱ्या डोळ्यांचा, बोलताना सारखा सासऱ्याकडे बघणारा. बिचारा घाबरला होता. सात कार्डं ज्याच्यावर पडली आहेत, तो घाबरणारच.

त्याने तिकडून आंब्यांची पेटी आणली होती. एक आंबा त्याने स्वतः चिरला आणि फोड सरांच्या पुढे धरली. मुलगी बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मला ती पाच मिनिटं आठवली, अठरा वर्षांची. सर फोड हुंगतील, उजेडात धरतील, आधी मला खायला लावतील. मी तर तयारीने पुढे सरकलोसुद्धा.

सरांनी फोड घेतली आणि सरळ तोंडात घातली. रस हनुवटीवर आला. पुसलाही नाही.

"गोड है," म्हणाले.

वहिनी आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा उगीचच आवाज येत राहिला. मुलीने नाक ओढलं, हसली आणि म्हणाली, "काका, पप्पांनी मला काय पाठवलं ते पाह्यलं का तुम्ही?"

आम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं, "नाही!"

सरांची मान किंचित एका बाजूला कलली.

जावयाने पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. त्यातून कार्ड काढलं आणि जपून माझ्या हातात दिलं. मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी डोळ्यांनीच शपथेची आठवण करून दिली. गणिताच्या सरांनी तर आधीच दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून ठेवला होता. मी दीर्घ श्वास घेतला, चेहरा दगडासारखा केला आणि कार्डावर नजर टाकली.

निळा समुद्र. पुढे आमच्या नदीची चाळलेली वाळू. आणि समुद्राला अंत नव्हता. बांध नाही, पट्टी नाही, सांडवा नाही. पाणी कागदाच्या कडेपर्यंत मोकळं गेलेलं.

"ती बाजूची पट्टी ओढा, काका," मुलगी म्हणाली.

कार्डाच्या कडेला जाड कागदाची एक बारीक पट्टी बाहेर आली होती. मी ती ओढली. निळा समुद्र वाळूवरून मागे सरकला. लांब गेला. खाली ओली, काळपट वाळू उघडी पडली. पट्टी आत ढकलली. पाणी परत आलं, वाळू झाकत झाकत, एका बुटक्या भिंतीपर्यंत. भिंतीमागे एक खिडकी होती. मी पुन्हा पट्टी ओढली, पुन्हा ढकलली. पाणी गेलं. पाणी आलं. मी किती वेळा केलं मला आठवत नाही. गणिताच्या सरांनी शेवटी माझ्या हातातून ओढून घ्यायचा प्रयत्न केला.

आत मुलीचं नाव होतं, खणखणीत, मोठ्या अक्षरात. त्याखाली एकच ओळ: "तू सांगितलं तसं काढलं. कोणालाबी इचारलं न्हाई." खाली सही. सहीतल्या वेलांटीच्या पोटात मोहरीएवढं टिंब.

सर कार्डाकडे पाहत नव्हते. लेकीकडे नाही, जावयाकडेही नाही. ते आमच्याकडे पाहत होते. आधी मॅडमकडे, मग गणिताच्या सरांकडे, मग माझ्याकडे. अगदी शांतपणे, चहाचा पहिला घोट घेतलेल्या माणसाकडे पाहावं तसे. ते कुशीवर रेलले होते आणि त्यांच्या मागच्या खिशातलं फुगलेलं पाकीट मला तिथूनही दिसत होतं. दिसलं, पण उमगलं नाही. मी कार्ड उलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, आणि भर ओट्यावर, लेक-जावयाच्या देखत, माझ्या तोंडून निघून गेलं:

"अहो सर, पण ह्यातला टँकर कुठं गेला?"